सुगंधाचा दिलासा किती, उपचार किती?

लव्हेंडरच्या तेलानं मनावरचा ताण उतरतो का? या प्रश्नाला ‘हो’ म्हणणारे शोधनिबंध आहेत आणि ‘नाही’ म्हणणारेही आहेत. दोन्हीकडची माणसं जाणकार आहेत. मग सामान्य वाचकानं कुणाचं ऐकायचं? गेल्या पंचवीसेक वर्षांतल्या महत्त्वाच्या चाचण्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, की लक्षात येतं, बराचसा घोळ प्रश्न विचारण्यातच आहे. तेल हुंगलं, अंगाला चोळलं की गिळलं? परिणाम पंधरा मिनिटांनी मोजला की दहा आठवड्यांनी? मुलाखतीआधीची धडधड होती की महिनोन्महिने पाठ न सोडणारं नैराश्य? हे धागे सुटे केले, की परस्परविरोधी वाटणारे निष्कर्ष बरेचसे जुळून येतात.

हे सुटे करणं गरजेचं आहे, कारण मनानं खचलेला माणूस आपल्याकडे सहसा डॉक्टरपर्यंत पोहोचतच नाही. २०१५-१६ मध्ये बंगळुरूच्या ‘निम्हान्स’नं देशाच्या १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. वेगवेगळ्या मानसिक विकारांत उपचारांविना राहिलेल्यांचं प्रमाण त्यात ७० ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान निघालं. कधी पैसा आड येतो, कधी लोकलाज, कधी जवळपास तज्ज्ञच नसतो. अशा वेळी जे सहज मिळतं, ज्याला चिठ्ठी लागत नाही आणि जे कुणाच्या डोळ्यावर येत नाही, ते आधी करून पाहिलं जातं. सुगंधी तेलाची छोटी बाटली त्यातलीच. म्हणून तिच्याविषयी जे खरं आहे ते नीट कळायला हवं. तिचं श्रेय नाकारू नये आणि न झेपणारं ओझंही तिच्यावर टाकू नये.

तेल कशाला म्हणायचं?

इसेन्शिअल ऑइल हे नाव नवं असलं, तरी वस्तू आपल्या घरात फार आधीपासून आहे. सर्दीत रुमालावर टाकायचं निलगिरीचं तेल, दाढदुखीला कापसाच्या बोळ्यावर घ्यायचं लवंगेचं तेल, ही याच जातीची. परसातल्या गवती चहाचं पान चुरगळलं की जो वास येतो, तोही पानात साठलेल्या अशाच तेलाचा. ही तेलं खोबरेल किंवा तिळाच्या तेलासारखी स्निग्ध नसतात. ती उडून जाणाऱ्या अनेक रसायनांची मिश्रणं असतात. बहुतेक तेलं वाफेच्या ऊर्ध्वपातनानं काढतात. संत्रं, लिंबू, बर्गामोट यांच्या साली मात्र दाबून पिळतात. उतारा फार कमी पडतो. गुलाबाचं एक किलो तेल मिळवायला साडेतीन ते चार टन पाकळ्या लागतात.

लव्हेंडरच्या तेलात लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट ही दोन संयुगं प्रमुख असतात. ताणावरच्या संशोधनात याच वनस्पतीचा वरचष्मा आहे. जम्मूच्या डोडा जिल्ह्यातल्या भद्रवाह भागात ‘सीएसआयआर’च्या अरोमा मिशनमुळे तिची शेती वाढली आहे, त्यामुळे आता ती पूर्णपणे परदेशीही राहिलेली नाही. कनौजचं पारंपरिक अत्तर वेगळं. तिथे ‘देग-भपका’ पद्धतीनं फुलांचा सुगंध चंदनाच्या तेलात उतरवून घेतात. म्हणजे त्या कुपीत एका फुलाचं निखळ तेल नसतं. लव्हेंडरवरच्या चाचणीचा निष्कर्ष मोगऱ्याच्या अत्तराला लावणं म्हणूनच चूक ठरतं. प्रत्येक तेलाची रसायनं निराळी आणि पुरावाही निराळाच तपासावा लागतो.

सुगंधी तेलांच्या उपचाराला ‘अरोमाथेरपी’ हे आजचं नाव मिळालं ते फ्रान्समध्ये. रसायनतज्ज्ञ रने-मोरिस गात्फोसे यांनी १९३७ साली ‘आरोमातेरापी’ या नावाचं पुस्तक काढलं. १९१० मध्ये प्रयोगशाळेतल्या स्फोटात ते भाजले होते आणि जखमा चिघळल्यावर त्यांनी लव्हेंडरचं तेल वापरलं होतं. त्यांना तेलाच्या जंतुनाशक गुणाचं आकर्षण होतं. मन शांत करण्याचा विचार नंतर पुढे आला. पुढे फ्रेंच लष्करी डॉक्टर झाँ वाल्ने यांनी वैद्यकाच्या अंगानं या विषयावर लिहिलं, तर मार्गरीत मोरी यांच्या प्रभावानं ब्रिटनमध्ये तेल पातळ करून मालिश करण्याची रीत रुजली. फ्रेंच डॉक्टरांना तेल पोटात देणं वर्ज्य नव्हतं. ब्रिटिश उपचारकांनी ते हातानं चोळलं. आजचा पुरावाही नाक, त्वचा आणि पोट अशा तीन वाटांनी विभागलेला आहे.

पहिली वाट: नाकातून

नाक हे वेगळंच ज्ञानेंद्रिय आहे. डोळ्यांची, कानांची, त्वचेची वार्ता मेंदूत थॅलॅमस नावाच्या नाक्यावरून पुढे जाते. वास मात्र घ्राणकंदातून भावनांशी संबंधित अमिग्डलापर्यंत आणि गंध ओळखणाऱ्या मेंदूच्या पट्ट्यापर्यंत जवळजवळ थेट पोहोचतो. एखाद्या वासासरशी आजोळचं माजघर आठवतं आणि त्याचं नाव सुचायच्या आधीच गलबलून येतं, त्यामागे ही रचना आहे. गंध ओळखणाऱ्या ग्राहींचा (रिसेप्टर्सचा) शोध लावल्याबद्दल रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ चं नोबेल पारितोषिक मिळालं. वासाचा मनावर परिणाम होऊ शकतो, याला शरीरशास्त्राचा भक्कम आधार आहे.

जपानमधल्या कागोशिमा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक नेटका प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांना लिनालूलचा वास दिल्यावर त्यांचं भित्रं वागणं कमी झालं. ज्या उंदरांची वास घेण्याची क्षमता नष्ट केली होती, त्यांच्यात हा परिणाम दिसला नाही. झोपेच्या गोळ्या मेंदूतल्या ज्या जागी काम करतात ती जागा औषधानं अडवली, तेव्हाही परिणाम नाहीसा झाला. लिनालूल फुप्फुसांतून रक्तात शिरून काम करतं असं नव्हे, तर गंधाचा संदेशच मेंदूतली शांतवणारी यंत्रणा जागी करतो, असं यातून सुचतं. पण उंदराला लव्हेंडरची जाहिरात ठाऊक नसते. माणसाला असते, आणि माणसांवरचे प्रयोग अवघड होतात ते इथेच.

दंतवैद्याच्या प्रतीक्षागृहातले दोन अभ्यास पाहू. दाढ काढायच्या भीतीनं बसलेल्या माणसाइतका ताणाचा सोपा नमुना शोधून सापडणार नाही. व्हिएन्नाच्या संशोधकांनी २००५ मध्ये २०० रुग्णांवर केलेल्या अभ्यासात संत्र्याचा किंवा लव्हेंडरचा वास दरवळत असताना लोकांची चिंता कमी आढळली. पुढे २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी मोठ्या दंतचिकित्सालयांत संत्र्याचा आणि सफरचंदाचा वास वापरून २१९ रुग्णांवर असाच प्रयोग केला. तिथे काहीच फरक दिसला नाही. दवाखान्याचा आकार, वासाची तीव्रता, वाट पाहण्याचा वेळ, काहीही कारणीभूत असू शकतं. पण इतक्या छोट्या बदलांनी जो परिणाम विरतो, तो नाजूक आहे हे मान्य करावं लागतं.

अपेक्षेचा वाटा किती, हे मोजायचा प्रयत्न आयर्लंडमधल्या गॉलवेच्या संशोधकांनी केला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात ९६ निरोगी तरुणी होत्या. कुणाला लव्हेंडर, कुणाला दुसरा वास, कुणाला वासच नाही. शिवाय या वासाचा परिणाम काय होईल याविषयी वेगवेगळ्या गटांना वेगवेगळं सांगितलेलं. लव्हेंडरचा स्वतंत्र असा परिणाम दिसला नाही. शरीर किती सैलावतं हे आधी काय सांगितलं होतं त्यावर बदलत गेलं. त्याच वर्षी अमेरिकेत ओहायोमध्ये जॅनिस किकोल्ट-ग्लेसर आणि सहकाऱ्यांनी ५६ निरोगी व्यक्तींवर लिंबू, लव्हेंडर आणि नुसतं पाणी यांची तुलना केली. लिंबाच्या वासानं मनःस्थिती निश्चितपणे सुधारली. अपेक्षा काहीही असली तरी सुधारली. लव्हेंडरला ते जमलं नाही. आणि कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक, जखम भरण्याचा वेग, वेदना सोसण्याची क्षमता यांवर कोणत्याच तेलाचा भरवशाचा परिणाम आढळला नाही. मन प्रसन्न झालं, शरीराची मापं मात्र बहुतांशी जागची हलली नाहीत.

लहान पण आशादायक अभ्यासही आहेत. ब्राझीलमध्ये ४० पुरुष स्वयंसेवकांना ताण येईल अशी चाचणी देण्याआधी गवती चहाच्या तेलाचा वास दिला. त्यांचा ताण लवकर ओसरला. अमेरिकेतल्या एका मानसोपचार केंद्राच्या प्रतीक्षागृहात ५७ जणांवर प्राथमिक पाहणी झाली आणि पंधरा मिनिटं बर्गामोटचा वास घेतल्यानं सकारात्मक भावना वाढल्याचं दिसलं. याच्या अगदी उलट ऑस्ट्रेलियातला अभ्यास: किरणोपचार घेणाऱ्या ३१३ कर्करुग्णांना उपचार चालू असताना तेलांचा वास दिला, तेव्हा शेवटी ज्या गटाला सुगंधी तेल न मिसळता नुसतं आधाराचं तेल दिलं होतं, त्याचीच चिंता सर्वांत कमी निघाली.

या वाटेचा सारांश असा: सुवासानं काही मिनिटं, फार तर तासभर बरं वाटू शकतं, आणि ते बरं वाटणं खोटं नसतं. त्यात वासाचा, आठवणींचा, विश्वासाचा आणि दोन क्षण थांबून खोल श्वास घेण्याचा वाटा मिसळलेला असतो. पण आठवडेच्या आठवडे टिकणाऱ्या चिंतेवर किंवा नैराश्यावर नुसत्या हुंगण्यानं उपचार होतो, असं म्हणण्याइतका पुरावा नाही.

दुसरी वाट: त्वचेवरून

मालिशच्या बाबतीत चित्र थोडं उजळ आहे. नैराश्याच्या लक्षणांवर अरोमाथेरपीचा उपयोग तपासणारा एक आढावा २०१७ मध्ये आला. त्यात १२ चाचण्या होत्या आणि हुंगण्यापेक्षा मालिशचा फायदा जास्त दिसला. ब्रिटनमधल्या कर्करोग केंद्रांत २८८ रुग्णांवर झालेली आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी या विषयातली मोठी मानली जाते. चिंता किंवा नैराश्य असलेल्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांबरोबर आठवड्यातून एकदा असं चार वेळा सुगंधी तेलाचं मालिश दिलं. सहाव्या आठवड्याला, म्हणजे मालिश थांबल्यानंतर दोन आठवड्यांनी, फरक स्पष्ट होता. दहाव्या आठवड्याला तज्ज्ञांच्या मोजमापात तो उरला नाही, पण रुग्णांनी स्वतः नोंदवलेली चिंता तेव्हाही कमी होती.

गंभीर आजारात मिळालेले असे काही आठवडे कमी लेखण्याचं कारण नाही. प्रश्न एवढाच, की श्रेय तेलाचं की हाताचं? या चाचणीत साध्या, बिनवासाच्या तेलानं मालिश केलेला गट नव्हता. तासभर कुणीतरी आपल्याकडे पूर्ण लक्ष देतं, मायेनं स्पर्श करतं, चौकशी करतं, याचं मोल रुग्णाला असतंच. कोक्रेन संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यानं कर्करुग्णांमधल्या मालिशच्या चाचण्या तपासल्या आणि त्या लहान व सदोष असल्यानं ठाम निष्कर्ष काढता येत नाही असं नोंदवलं. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवरच्या १३ अभ्यासांचा कोक्रेन आढावा २०२० मध्ये आला. तिथेही खात्रीचा पुरावा सापडला नाही.

आपल्याकडे डोक्यावर तेल घालणं, बाळंतिणीला आणि बाळाला मालिश, दिवाळीतलं अभ्यंग या रीती घराघरांत आहेत. त्यांत वास आहे, स्पर्श आहे आणि घरच्यांचा निवांत सहवासही आहे. पुरावा आज जिथे आहे, तिथून पाहता सर्वांत मोठा वाटा स्पर्शाचा आणि सहवासाचा असावा असं मला वाटतं. महागडी बाटली नसली, तरी कोमट तिळाच्या तेलानं कुणी प्रेमानं डोकं दाबून दिलं, तर फायद्याचा बराच भाग पदरात पडतो.

तिसरी वाट: पोटातून

सगळ्यांत भक्कम पुरावा आहे तो मात्र वेगळ्याच गोष्टीचा. जर्मनीत लव्हेंडरच्या विशिष्ट दर्जाच्या तेलापासून ‘सिलेक्सान’ हा घटक बनवला जातो आणि ८० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमधून दिला जातो. तिथे तो चिंतेमुळे येणाऱ्या अस्वस्थतेवर औषध म्हणून मान्य आहे. इथे वास घेण्याचा संबंध नाही. ठरलेली मात्रा रोज गिळायची.

त्याच्या चाचण्याही औषधाच्या चाचण्यांसारख्या झाल्या. २०१० मध्ये २२१ जणांवर दहा आठवड्यांची चाचणी झाली आणि प्लासिबोपेक्षा, म्हणजे हुबेहूब दिसणाऱ्या निरुपद्रवी कॅप्सूलपेक्षा, फायदा जास्त दिसला. त्याच वर्षी ७७ रुग्णांवर लोराझेपाम या शामक औषधाशी तुलना झाली. परिणाम सारखा निघाला, पण लोराझेपामची मात्रा अर्धा मिलिग्रॅम इतकी कमी होती आणि प्लासिबोचा गट नव्हता. २०१४ ची चाचणी सर्वांत बोलकी. दीर्घकाळच्या सार्वत्रिक चिंतेच्या ५३९ रुग्णांचे चार गट केले. दहा आठवड्यांत चिंतेच्या मोजपट्टीवरचे गुण असे उतरले: १६० मिलिग्रॅम सिलेक्सान घेणाऱ्यांचे १४.१, ८० मिलिग्रॅम घेणाऱ्यांचे १२.८, पॅरॉक्सेटिन हे प्रचलित औषध घेणाऱ्यांचे ११.३ आणि प्लासिबो घेणाऱ्यांचे ९.५.

या चार आकड्यांपैकी शेवटचा विसरू नये. ज्यांना कोणतंही औषध मिळालं नव्हतं, तेही साडेनऊ गुणांनी सुधारले. नियमित तपासणी, कुणीतरी दखल घेतं आहे ही जाणीव, आशा आणि काळ, यांनी मिळून एवढं काम केलं. लव्हेंडरचं स्वतःचं कर्तृत्व म्हणजे वरचा फरक. तो खरा आहे, पण बाटलीवरच्या दाव्यांएवढा नाही. ज्या उपचारांची तुलनाच प्लासिबोशी झालेली नाही, त्यांचे ‘इतक्या जणांना बरं वाटलं’ असे आकडे वाचताना हा साडेनऊचा आकडा मनाशी धरावा.

नैराश्याविषयीची महत्त्वाची चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. सौम्य ते मध्यम नैराश्याच्या ४९८ रुग्णांना आठ आठवडे सिलेक्सान, सर्ट्रालिन हे नैराश्यावरचं प्रचलित औषध किंवा प्लासिबो देण्यात आलं. सिलेक्सान आणि सर्ट्रालिन दोन्ही प्लासिबोच्या पुढे राहिले, पण ६० गुणांच्या मोजपट्टीवर ही आघाडी दोन-अडीच गुणांची होती. तीव्र नैराश्याचे रुग्ण या चाचणीत नव्हते.

इथे दोन सावधगिरीच्या गोष्टी. सिलेक्सानवरच्या बहुतेक चाचण्यांना उत्पादक कंपनीचं अर्थसाहाय्य आहे आणि संशोधकांचं वर्तुळही लहान आहे. यामुळे निष्कर्ष खोटे ठरत नाहीत, पण स्वतंत्र गटांनी तेच पडताळून पाहण्याची गरज उरते. दुसरी गोष्ट जिवावर बेतणारी आहे. कॅप्सूलमधलं तेल ठरलेल्या घटकप्रमाणाचं असतं. हवेत सुगंध पसरवणाऱ्या डिफ्यूझरसाठी आणलेल्या बाटलीतले थेंब पाण्यातून किंवा साखरेवर टाकून घेणं म्हणजे तोच उपचार नव्हे, आणि ते करूच नये.

उदास मन आणि मंदावलेला गंध

नैराश्य आणि घ्राणेंद्रिय यांचं नातं उलट्या बाजूनंही पाहायला हवं. नैराश्यात अनेकांची वास ओळखण्याची क्षमता मंदावते आणि काही अभ्यासांत अशा रुग्णांचा घ्राणकंदही आकारानं लहान आढळला आहे. कोविडमध्ये वास गेलेल्या माणसांनीही जेवणाची गोडी गेली, जवळच्यांचा वास हरवला, मन कोमेजलं असं सांगितलं. ‘काहीच छान वाटत नाही’ हे जिथे आजाराचंच लक्षण आहे, तिथे ‘छान वास घ्या’ हा सल्ला पुरा पडणार नाही. उदास माणसाला गजऱ्याचा वास सुखावला नाही, तर त्यात त्याचा दोष नाही आणि गजऱ्याचाही नाही.

तरी या बाजूनं नवी वाट दिसते आहे. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये नैराश्य असलेल्या ३२ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. अपारदर्शक बरण्यांमधून संत्रं, दळलेली कॉफी, बुटाचं पॉलिश असे ओळखीचे वास दिले आणि आयुष्यातला एखादा प्रसंग आठवायला सांगितलं. नैराश्यात माणसाच्या आठवणी धूसर, सरसकट होतात. नेमका दिवस, नेमका प्रसंग हाती लागत नाही. शब्दांपेक्षा वासांनी नेमक्या आठवणी जास्त जाग्या झाल्या. हा उपचार नव्हे, उपचाराकडे जाणारी पायरी आहे. यात तेल कुठलं याला महत्त्व नाही. वास त्या माणसाच्या ओळखीचा हवा. आपल्याकडे असा अभ्यास झाला तर त्यात कापूर, हिना, पहिल्या पावसाची माती आणि भाजलेला रवा यायला हवा.

नैसर्गिक म्हणून निर्धोक नव्हे

या तेलांत वनस्पतीची रसायनं दाट झालेली असतात, हे विसरल्यानं अपघात होतात. निलगिरीचं तेल काही मिलिलिटर जरी लहान मुलाच्या पोटात गेलं, तरी झटके येऊ शकतात, शुद्ध हरपू शकते. आपल्याकडे ही बाटली सहसा मुलांच्या हाताला येईल अशा फळीवर असते, ती आजच वर ठेवावी. दक्षिण भारतातल्या रुग्णालयांत झटक्यांच्या ३५० रुग्णांचा अभ्यास झाला आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ५५ जणांच्या झटक्यांचा संबंध निलगिरी किंवा कापूर असलेल्या तेला-बामांशी लागला. अपस्मार असलेल्यांनी ही तेलं टाळावीत आणि न्यूरॉलॉजिस्टला आपण कोणता बाम लावतो हे आपणहून सांगावं.

बाकीचे धोके थोडक्यात. न पातळ केलेलं तेल त्वचेवर लावल्यास जळजळ होते आणि कायमची ॲलर्जी जडू शकते. पिळून काढलेलं बर्गामोटचं तेल लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजते, कारण त्यातलं बर्गाप्टेन प्रकाशाशी प्रक्रिया करतं. दम्याच्या रुग्णाला डिफ्यूझरनं त्रास होऊ शकतो. मांजरांना ही रसायनं पचवून बाहेर टाकणं जमत नाही. गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापर करू नये.

निर्मितीतल्या हलगर्जीपणाचंही एक दुःखद उदाहरण आहे. २०२१ मध्ये अमेरिकेच्या चार राज्यांत चौघांना मेलिओइडोसिस हा दुर्मीळ जिवाणूसंसर्ग झाला आणि त्यातले दोघे दगावले. शोध घेता घेता तो जिवाणू लव्हेंडर आणि कॅमोमाइलच्या वासाच्या, भारतात बनलेल्या एका ‘अरोमाथेरपी’ स्प्रेच्या बाटलीत सापडला. दोष सुगंधाचा नव्हता, तर दूषित द्रावणाचा होता. पण घरात मन शांत करायला आणलेली वस्तू कुठल्या तपासणीतून गेली आहे, हे विचारायचा हक्क गिऱ्हाइकाला आहे, हे यातून ठसतं.

बाटलीवरचे शब्द

भेसळीचा इतिहास आपल्या मातीशीही जोडलेला आहे. खानदेश आणि निमाड भागातल्या रोशा गवताचं, म्हणजे तिखाडीचं तेल पूर्वी मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राकडे आणि तिथून तुर्कस्तानापर्यंत जाई. त्याला गुलाबासारखा वास असल्यानं महागड्या गुलाबतेलात ते मिसळलं जाई. आज लव्हेंडरच्या नावाखाली लव्हँडिन हे स्वस्त संकरित तेल किंवा कृत्रिम लिनालूल मिसळलेलं तेल विकलं जातं. नाकाला हा फरक कळणं कठीण. तो कळतो प्रयोगशाळेतल्या गॅस क्रोमॅटोग्राफीनं.

म्हणून बाटली घेताना वनस्पतीचं शास्त्रीय नाव, तेल कोणत्या भागातून आणि कोणत्या पद्धतीनं काढलं, बॅच क्रमांक आणि चाचणी अहवाल, एवढं पाहावं. ‘थेरप्युटिक ग्रेड’ हे शब्द भारदस्त वाटतात, पण असा दर्जा देणारी कोणतीही मान्यताप्राप्त सरकारी संस्था नाही. दाव्यांच्या बाबतीत तर हद्द पाहायला मिळते. २०१४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं साखळी पद्धतीनं तेलं विकणाऱ्या दोन बड्या कंपन्यांना ताकीद दिली होती, कारण त्यांच्या विक्रेत्यांनी इबोलापासून कर्करोगापर्यंत अनेक रोगांवर तेलं चालतात असा प्रचार केला होता. नैराश्य ‘मुळापासून घालवणारं’ तेल कुणी विकत असेल, तर तिथेच थांबावं.

मग वापरावं की नाही?

वापरावं, पण कामाची वाटणी स्पष्ट ठेवून. दिवसभराच्या कामानं डोकं भणभणलं असेल, प्रवासाआधी किंवा परीक्षेआधी छातीत धडधडत असेल, झोपण्याआधी मन आवरत नसेल, तर आवडीच्या तेलाचे दोन-तीन थेंब रुमालावर टाकून सावकाश श्वास घ्यायला हरकत नाही. आवडीच्या हे महत्त्वाचं. लव्हेंडर आवडत नसेल तर ते तुमच्यासाठी नाही. डिफ्यूझर लावायचा तर खिडकी थोडी उघडी ठेवावी आणि तो रात्रभर चालू ठेवू नये. त्वचेला लावायचं तर एक चमचा खोबरेल किंवा तिळाच्या तेलात दोन थेंब, आणि आधी मनगटाच्या आतल्या बाजूला एक दिवस लावून पाहावं. नियमित गोळ्या चालू असतील, तर त्या स्वतःहून बंद करून तेलाकडे वळू नये.

आणि एक सीमारेषा काटेकोरपणे पाळावी. उदासी किंवा कशातच रस न वाटणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, झोप-भूक बिघडली, कामं अडू लागली, तर डॉक्टरकडे जायची वेळ झाली आहे. जगणं नकोसं वाटू लागलं तर दोन आठवडे थांबण्याचाही प्रश्न नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ या मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतूनही बोलता येतं.

सुगंधानं मिळणारा दिलासा मला मोलाचा वाटतो, म्हणूनच त्याच्यावर उपचाराचं ओझं टाकलेलं पाहवत नाही. तेलानं नैराश्य गेलं नाही, की खचलेला माणूस दोष तेलाला देत नाही, स्वतःला देतो: ‘मला साध्या उपायांनीही बरं वाटत नाही.’ दरम्यान उपचारांचे मौल्यवान आठवडे निघून जातात. नैराश्यावर समुपदेशन आहे, औषधं आहेत, आणि बहुसंख्य रुग्णांना त्यांचा उपयोग होतो. घरात कुणी असं खचलेलं असेल, तर त्याच्यासाठी वासाची बाटली जरूर आणा, पण त्याच दिवशी डॉक्टरची वेळही घ्या आणि त्याच्यासोबत स्वतः जा.